काकूंना हवं होतं ते

दवाखान्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. मी तलासरीला फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंटला वायरी जोडून बसवलं की तो बोलणारच! छातीच्या पेशंटचे काही किस्से सांगते.

*

चिखल्याचे काका, रेल्वेतून रिटायर. बायपास झाली, गोळ्या वाढवून झाल्या, तरी चार पावलं चढली की छातीत कळ. आता आणखी ऑपरेशन नाही म्हणत हार्टच्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं. छातीवर दोन पॅड, खिशात छोटं मशीन. हलका करंट, मुंग्या येतात, कळ जरा कमी जाणवते.

"याने हार्ट बरं होईल?"

"नाही काका, फक्त दुखणं कमी."

"मग हार्टचं मी बघतो, दुखण्याचं तू बघ!"

*

रानशेतच्या आजोबांनी शर्ट काढला, तर छातीभर जुने वण. पूर्वी दुखलं की विळा तापवून डाग देत. पॅड लावायला मला धड जागा सापडेना.

आजोबा म्हणाले, "आधी आग लावली, आता करंट. पुढं काय लावशील बाय?"



*

चिखल्याचे काका घरी कधीच "दुखतंय" म्हणायचे नाहीत. त्यांच्या बायकोला, काकूंना, तेवढंच ऐकायला हवं होतं. शेवटी त्यांनी मशीन स्वतःकडे घेतलं. जेवताना काकांचा घास थांबला की करंट वाढवायच्या!

"अगं, मी भाजीत मीठ कमी आहे का ते बघत होतो!"

मी काकूंना रागावले आणि मशीन काकांच्या खिशात परत गेलं.

*

नेहमीपेक्षा वेगळी कळ आली तर मशीनवर विसंबू नका, थेट हॉस्पिटल गाठा, असं मी बजावलं होतं. एका सकाळी काका म्हणाले, "दुखतंय गं."

काकूंनी चप्पलही घातली नाही, रिक्षा बोलावली. डहाणूला पोचले, पण काका गेले.

*

दिवसकार्य आटोपल्यावर काकू मशीन परत द्यायला आल्या. वायरी नीट गुंडाळलेल्या. टेबलावर ठेवलं आणि तिथेच बसल्या.

"एकदा मला लाव."

"काकू, तुम्हाला काही होतंय का?"

"नाही गं. यांना लावायचीस तेवढंच लाव."

मी पॅड लावले. करंट हळूहळू काकांच्या आकड्यापर्यंत नेला. काकूंनी डोळे मिटले.

"मुंग्याच आहेत गं नुसत्या," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, टोचत असेल यांना."