चढत्या दोन ओळी

दूध उतू जायच्या बेतात होतं आणि वन्सं रेडिओशी भांडत होत्या. "बंद कर गं तो! सकाळी सकाळी ही बया नको."

बया म्हणजे रेडिओवर लागलेलं ते गाजलेलं नाचाचं गाणं जिच्या नावावर आहे ती गायिका. त्यातल्या सगळ्यात उंच चढणाऱ्या दोन ओळी मात्र आमच्या वन्संच्या.

माझी ही थोरली नणंद जन्मभर स्टुडिओत गात आली. आधी नमुना म्हणून अख्खं गाणं गायचं. ते ऐकून मोठ्या गायिकेनं शिकायचं, मग नमुना पुसून टाकायचा. नंतर त्याच ओळी पुन्हापुन्हा गाऊन तिच्या आवाजाखाली आपला आवाज भरायचा, उशीत कापूस भरावा तसा. तिथे त्यांना 'डबलवाली' म्हणतात. त्याचं त्यांना कधी काही वाटलं नाही. पण या गाण्यात त्या दोन ओळी बयेला झेपेनात, म्हणून संगीतकारानं तेवढा नमुना पुसलाच नाही. तेव्हापासून वन्संच्या जिवाला चैन नाही. दुकानात गाणं लागलं की सामान तिथेच टाकून बाहेर!

"नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. हिला नाचता येतं, गळाच वाकडा!" असं म्हणत टीव्हीवर तिच्या चंदेरी जाकिटाला नावं ठेवायची, आणि बाजारात तसलंच कापड हळूच चाचपून बघायचं. मी पाहिलंय.

तेवढ्यात दार वाजलं. उघडलं तर दारात बया! साधा कुर्ता, डोळे सुजलेले.

वन्सं उठून तडक स्वयंपाकघरात. मी तिला बसवलं.

"ताई," तिनं आतल्या दिशेनं हाक मारली, "मागच्या कार्यक्रमात गाणं वाजवणारं मशीन अडकलं. मी नुसतेच ओठ हलवत राहिले. लोक हसले हो. आता सगळं तिथल्या तिथे गायचंय. बाकीचं जमेल मला. त्या दोन ओळी तुम्ही पडद्यामागून म्हणाल?"

"आयत्या बिळावर नागोबा," आतून आवाज आला, "आणि वर दार वाजवून येतो!"

"नागोबाला झोप नाही ताई. टाळ्या त्या दोन ओळींनाच पडतात. मी हसून वाकते आणि मनात तुमचा राग राग करते. असा गळा मला का नाही?"

आत भांड्यांचा आवाज थांबला. वन्सं बाहेर आल्या. हातातला स्वतःचा चहाचा कप त्यांनी तिच्यापुढे सरकवला.

"गाईन. पडद्यामागून तर पडद्यामागून."

"काय म्हणाल ते देते, ताई."

"काही नको. फक्त त्या दोन ओळी मी गाते तेव्हा तू ओठ मिटून ठेव."