पणजोबांचे शनिवार

आमच्या घोलवडच्या घरात देवांच्या पाटावर एक पांढरं कातडं अंथरलेलं असायचं. हातरुमालापेक्षा थोडं मोठं, निळ्या किनारीचं, मधोमध कंपास आणि सुताराचा गुण्या काढलेला. घरातले सगळे त्याला मृगाजिन म्हणायचे आणि मधल्या आकृतीला यंत्र. कसलं यंत्र, ते कोणी विचारलं नाही. सणावाराला त्यावर हळदकुंकू वाहायचं, बस. मीही वाहिलंय, चांगले डोळे मिटून.

२०१६ च्या श्रावणात सत्यनारायणाला बोर्डीहून नवे गुरुजी आले. त्यांनी विचारलं, हे यंत्र कुठल्या देवतेचं, म्हणजे त्याप्रमाणे मंत्र म्हणतो. झालं! सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. मी मोबाइलवर फोटो काढला, शोधला, आणि वाचता वाचता मला असं हसू फुटलं की पदर तोंडात कोंबावा लागला. ते फ्रीमेसन लोकांचं एप्रन होतं. एकमेकांना बंधू म्हणणाऱ्या पुरुषांची ही मंडळी, बंद दाराआड सभा भरवणारी. आत काय चालतं ते बायकोलाही सांगायचं नाही, अशी शपथ. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पणजोबांच्या क्लबच्या एप्रनची पूजा करत होतो. शेजारी बसलेल्या आत्याला मी कानात सांगितलं, तर ती माझ्यापेक्षा जास्त हसली. तिचं वय तेव्हा ऐंशीच्या पुढे आणि कवळी नवीन, त्यामुळे मला तिची काळजीच वाटली.

काका मात्र हसले नाहीत. आरती संपेपर्यंत त्यांनी कसाबसा दम धरला आणि मग हॉलच्या मध्ये उभे राहून जाहीर केलं की आजोबांवरचा डाग आज धुतला गेला.

डाग कसला, ते सांगते. माझे पणजोबा, म्हणजे आत्याचे आणि काकांचे आजोबा, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मुंबईला जायचे आणि रविवारी संध्याकाळी परत यायचे. कशाला, तर सभेला. कसली सभा, तर त्याचं उत्तर नाही. पणजीचं म्हणणं सरळ होतं: तिकडे बाई आहे. तिचा पुरावाही चोख होता. आमची चिकूची वाडी. चिकू पाठवायचे ते कच्चे, टणक, पेंढ्यात घालून, म्हणजे पोचल्यावर चार दिवसांनी पिकतात. पणजोबा मात्र त्या शनिवारी खायला तयार झालेले चिकू स्वतः एकेक दाबून निवडायचे, फडक्यानं पुसायचे आणि छोट्या करंडीत मांडून न्यायचे. सभेला जाणारा माणूस चिकू पुसतो का, असं पणजी विचारायची. मला तर हा प्रश्न अजूनही बिनतोड वाटतो.

पण तिचं कोण ऐकतो! घरच्यांनी ठरवलं की हिच्या डोक्यात संशयाचं भूत शिरलंय. भूत उतरवायला तिला बैलगाडीतून तलासरीकडच्या एका भगताकडे नेलं. त्यानं तांदळाचे दाणे पाहिले, दंडात दोरा बांधला, आणि पुढे घरातली पोरंसुद्धा तिला संशयी म्हणायला लागली. आत्या त्याच पणजीच्या कुशीत वाढली. त्यामुळे आत्यानं आयुष्यात कधी कुणाला काही विचारलं, दूधवाल्याला पाण्याबद्दल असो की नवऱ्याला उशिराबद्दल, की लगेच ऐकायला मिळायचं, आजीवर गेलीय. हे तिला आयुष्यभर टोचत राहिलं. ती म्हणायची, मरायच्या आधी मला एकदा कळू दे, आजी वेडी होती की नाही. वेडी निघाली तरी चालेल, पण कळू दे.

आणि आता हे एप्रन. काकांनी तर पणजोबांचा मोठा फोटो रंगवायला टाकला. मुंबईतल्या लॉजकडून, म्हणजे या मंडळींच्या शाखेकडून, हजेरीची कागदपत्रं मागव, असा मला हुकूम केला, कारण मी तलासरीला नोकरीला, सरकारी कागद काढण्यात मुरलेली. कुठली लॉज हेच आधी माहीत नव्हतं. एप्रनच्या मागे अस्तरावर लॉजचा पुसटसा नंबर होता, तो मागे झिरपलेल्या हळदीखालून वर काढायला मी खोबरेल तेल आणि कापूस घेऊन बसले. मला भयंकर मजा येत होती. ऑफिसात मान खाली घालून मी लॉजांची नावं शोधायचे आणि साहेबांना वाटायचं, बाई कामाला लागल्या.

लॉज सापडली, तिचे म्हातारे सचिवही सापडले. फोनवर ते गुजरातीत बोलायचे, मीही आमच्याकडची गुजराती फेकायचे, आणि एप्रनवर हळदकुंकू वाहिल्याचं सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की त्यांनी ते तीन वेळा माझ्याकडून वदवून घेतलं. आपल्या इमारतीला लोक जादूघर म्हणतात, पण पूजा अजून कोणी केली नव्हती, म्हणाले. जुनी रजिस्टरं शोधायला त्यांना पावसाळा गेला. मग एका रविवारी सकाळी माझ्या मोबाइलवर फोटो येऊन पडले, आणि मी तडक घोलवड गाठलं.

पडवीत काका, आत्या आणि मी. लॉजमध्ये प्रत्येक बंधूनं सभेला आलं की सही करायची पद्धत. पहिल्याच फोटोत पणजोबांची सही, मोडी वळणाची, शेपूट लांब काढलेली. पुढच्या महिन्यात सही. त्याच्या पुढच्या महिन्यात सही. सगळे दुसरे शनिवार! काकांनी मांडीवर थाप मारली. आत्याचा चेहरा एवढासा झालेला बघून मला वाटलं, कशाला मी हे उकरून काढलं.

मी फोटो पुढे सरकवत गेले. सह्या विरळ झाल्या. मग थांबल्या. शेवटच्या फोटोत नावावर आडवी रेघ आणि शेजारी शेरा: दीर्घ गैरहजेरीमुळे नाव कमी केलं.

आत्यानं साल विचारलं. मी वाचून दाखवलं. ती क्षणभर पुटपुटत राहिली आणि म्हणाली, "तेव्हा तर माझा जन्मही नव्हता. आजोबांना स्टेशनवर सोडायला मी स्वतः जायचे. करंडी माझ्या हातात असायची."

काका घाईघाईनं म्हणाले, दुसऱ्या लॉजमध्ये गेले असतील. मी सचिवांना तेही विचारलं होतं. दुसरीकडे जायचं तर इथला दाखला लागतो आणि तो कधी मागितलाच गेला नव्हता. म्हणजे सभा संपली होती आणि शनिवार चालूच होते. वर्षानुवर्षं, पुसलेल्या चिकूंसकट.

आत्याला हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग ती पूर्ण झोपाळ्यासकट हलायला लागली. मीही सुटले. डोळ्यांतून पाणी, पोटात कळा, कोणी एक थांबलं की दुसरी चिकू म्हणायची आणि पुन्हा सुरू. काका तोंड पाडून बसले होते, आणि त्यांच्याकडे बघून तर आणखीच.

मग आत्या थांबली. पदरानं डोळे पुसले आणि भावाकडे वळून शांतपणे म्हणाली, "म्हण. आजी खरं बोलत होती."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी वाडीकडे पाहिलं. शेवटी ते खाली मान घालून पुटपुटले, आजी खरं बोलत होती.

"मोठ्यानं," आत्या म्हणाली. "शेवटी शेवटी तिला ऐकू येत नव्हतं."