रिकाम्या चौकात उभं राहणं

माझ्या लेकीनं, मुक्तानं, गेमचा स्वतःचा सर्व्हर सुरू केलाय. म्हणजे लांबलांबच्या लोकांनी एकत्र येऊन खेळायची जागा. तिनं त्यात चौक बांधला, विहीर बांधली, बक्षिसांची पाटी लावली. जाहिरात वाचून लोक यायचे, चौक रिकामा बघायचे आणि निघून जायचे. शेवटी तिनं मलाच आत घेतलं. म्हणाली, "आई, काही करू नकोस. नुसती उभी राहा. एक तरी माणूस दिसू दे."

माझी हरकत नव्हती. आमच्या गल्लीत नवी खानावळ निघाली, तेव्हा मालकानं आठवडाभर स्वतःच्या मेहुण्यांना पुढच्या टेबलावर बसवून जेवू घातलं होतं. लग्नातसुद्धा पहिल्या पंगतीला आग्रह करकरून बसवावं लागतं. मी स्वतः रिकाम्या दुकानाची पायरी कधी चढत नाही.

काल दुपारी मुक्ता जेवायला उठली आणि चौकात एक अनोळखी खेळाडू आला. इकडेतिकडे बघून परत वळला. मला राहवलं नाही. मी टाईप केलं, "या, बसा. चहा टाकू?"

त्या गावात साधी खुर्चीही नव्हती, चहा कुठला असायला. तो माघारी आला आणि विहिरीच्या कडेला गुडघे वाकवून बसला.

"असं कोणी लिहितं का, आई?" मुक्ता नंतर म्हणाली.

आज तो दोघांना घेऊन आला. मुक्तानं नियम सांगितले, बक्षिसं सांगितली. त्यानं सगळं वाचलं आणि विचारलं, "काकू आहेत का?"