बदली होईपर्यंत

“चार बेडरूमचं घर सोडून तू त्या खुराड्यात राहीन म्हनतं? ऑस्ट्रेलियात जाऊन वर दोन खोल्या? लोक हासतीन, रश्मी!”

ललितने हातातला मोबाइल गादीवर आपटला. जोरात नाही, गादीवरच.

“खुराडं नाही ते,” रश्मी कणीक मळता मळता म्हणाली. “दोन खोल्या, हॉल, समोर गॅलरी. दर्यापूरले आपन याच्याहून लहान घरात राह्यलो.”

“तेव्हा माझा पगार तेवढा होता.”

“मंग आता पगार माझा आहे.”

बोलली आणि तिची तिलाच जीभ चावावीशी वाटली. दिवाणावर पेपर वाचणारे बुधाजी, तिचे सासरे, पेपर आणखी वर धरून बसले. सासू मनकर्णाबाई दारात सुपात तुरीच्या शेंगा घेऊन सोले काढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण शेंगा सोलायचा हात थांबला.

“ऐकलं का बाबा?” ललित म्हणाला. “अजून विमानात बसली नाई, तं हे बोलनं.”

“मले कायले मधात घेतं?” पेपरामागून बुधाजी म्हणाले. “मी एस्टीचा मानूस. गाडी कुठून कुठं जाते तेवढंच सांगतो. ते टारनीटचं चार बेडरूमचं घर आन् हिचा दवाखाना, मधात किती अंतर हाय?”

“दोन गाड्या. एक बदलून दुसरी. दीड तास फार तं.”

“म्हंजे अमरावती-अकोलाच झालं.”

“हेच तं मी सांगून राह्यलो!” ललितला एकदम बळ आलं. “बाकीच्या बायांले दीड तास म्हनजे घाबरायचं काम. हिले काय? हिनं अकरा वर्षं अकोला अपडाऊन केलं. हिच्यासाठी दीड तास म्हनजे बाजूचं घर!”

हे तो कौतुकानेच म्हणाला. त्याला बायकोचा अभिमान होता आणि तो लपवतही नव्हता. कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवताना बारावीची पोरं कंटाळा करू लागली की तो हमखास सांगायचा, “माझी मिसेस गाडीत उभं राहून परीक्षा पास झाली. तुमाले पंख्याखाली बसून होत नाई?”

ते खरंच होतं. रश्मी अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात अतिदक्षता विभागात सिस्टर. नोकरी लागली तेव्हा ती अकोल्यातच खोली घेणार होती. पण वऱ्हाडात नोकरदाराचं घर नोकरीच्या गावी नसतं. ते प्लॉट मिळेल तिथे, आपली माणसं असतील तिथे, मुलांचे क्लासेस असतील तिथे बांधायचं असतं. सगळ्यांनी अमरावतीत प्लॉट घेतले, यांनीही घेतला. “बदली होईपर्यंत कर अपडाऊन,” ललित म्हणाला होता. आकांक्षा तेव्हा पाळण्यात होती.

बदली झाली नाही. दर उन्हाळ्यात होणार असायची. एका वर्षी तर ऑर्डर निघाली म्हणून पेढेही वाटून झाले, आणि मग ती ऑर्डर दुसऱ्याच कोणाची निघाली. रश्मी पहाटे स्कूटी काढून बडनेरा गाठायची, स्टेशनबाहेर ती स्टँडला लावायची आणि गाडी पकडायची. अकोल्याला उतरून ऑटो. परत यायची तेव्हा मुलगी जेवून झोपायच्या तयारीत असायची. डब्यातल्या अपडाऊनवाल्या बायका तिची मेथी निवडून द्यायच्या, कारण मूर्तिजापूर गेलं की ही कानात वायर घालून इंग्रजी ऐकत बसायची. “सिस्टर लंडनले चालली,” म्हणून हसायच्या. परदेशात नोकरीसाठी नर्सना द्यावी लागणारी परीक्षा पहिल्यांदा थोडक्यात हुकली, तेव्हा त्याच बायका बोरगाव येईपर्यंत तिच्याबरोबर गप्प बसल्या होत्या. दुसऱ्यांदा ती पास झाली. मग मुलाखत, मग मेलबर्नच्या पूर्वेकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलचं बोलावणं, मग व्हिसा. जानेवारीत जायचं होतं. ती आणि आकांक्षा आधी जाणार, कारण तिकडच्या शाळा त्याच सुमारास सुरू होतात. ललितची बारावीची बॅच मे महिन्यापर्यंत. तो मग जाणार.

आदल्या दिवशी कॉलनीतल्या बुद्धविहारात तिचा सत्कार झाला होता. शाल दिली, रोपटं दिलं. अध्यक्ष धर्मपाल सर बोलायला उभे राहिले आणि अपडाऊनवरच बोलत राहिले. उन्हाळ्यातलं अकोला, थंडीतलं बडनेरा, रुळावरून घसरलेली मालगाडी, सगळं आलं. टाळ्या पडल्या. रश्मी मान खाली घालून बसली होती, पण तिला ते आवडत होतं. का आवडू नये? तिने केलंच होतं ते.

शेवटी आकांक्षाला माइकवर बोलावलं. आईबद्दल दोन शब्द बोल, बेटा. अकरा वर्षांची पोर, लाजली नाही. म्हणाली, “माझी मम्मी खूप हुशार आहे. ती खूप लोकांचा जीव वाचवते. आणि रविवारी ती घरी असते, तेव्हा आम्ही खूप मजा करतो.”

सगळे हसले. रश्मीही हसली. घरी येईपर्यंत हसतच होती.

“कुलदीपचा परत मेसेज आला,” ललित म्हणाला. कुलदीप त्याचा अकोल्याचा वर्गमित्र, आता टारनीटमध्ये राहणारा. त्यानेच ते चार बेडरूमचं घर पाहिलं होतं, व्हिडिओ कॉलवर दाखवलं होतं. मागे अंगण, पुढे हिरवळ, दोन गाड्यांची जागा. “आज संध्याकाळी तिकडचा एजंट अर्ज बंद करते. हो म्हन, बस. आजूबाजूले सगळे आपले. चौदा एप्रिलले हॉल भरते म्हने. तुले रडू आलं तं डोकं टेकवाले खांदा आहे तिथं. त्या क्लेटनमध्ये कोन हाय तुह्यं?”

हा घाव बरोबर बसला. रश्मीला क्लेटनमधलं ते दोन खोल्यांचं घर एका केरळच्या सिस्टरने सुचवलं होतं. ती आधी अकोल्याला होती, आता तिकडे होती. इमारत जुनी, जिना लोखंडी, पण हॉस्पिटल पायी जाण्याइतकं जवळ. शाळा त्याच रस्त्यावर, शाळेच्या पलीकडे वाचनालय आणि कुंपण घातलेलं मैदान. त्या सिस्टरने चालता चालता सगळं मोबाइलवर दाखवलं होतं. पण ती सिस्टर आता दुसऱ्या शहरात निघाली होती. म्हणजे क्लेटनमध्ये ओळखीचं खरंच कोणी नव्हतं. रश्मीला एकटेपणाची भीती वाटत होती, आणि ती भीती तिने कोणाला सांगितली नव्हती. टारनीटचं घर पाहताना तिलाही त्या अंगणात दोरीवर आपले कपडे वाळताना दिसले होते.

“वर्षभर काढ,” ललितचा आवाज मऊ झाला. “मंग टारनीटजवळच्या एखाद्या हॉस्पिटलात बदली करून घे. तिकडे काय, हुशार मानसाची बदली पटकन होत असन.”

रश्मीचे कणकेतले हात थांबले.

“काय म्हटलं तुमी?”

“बदली करून घे म्हटलं.”

“हेच वाक्य आहे,” ती म्हणाली. “अगदी हेच. वास्तुपूजनाच्या दिवशी, याच ओट्यासमोर.”

“ते सरकारी खातं होतं व!”

“आन् तोवर? शाळा सुटल्यावर हिले कोन आनीन?”

“प्राजक्तावहिनी आहे ना, कुलदीपची बायको. तिचेही दोन लेकरं त्याच शाळेत. ती म्हनालीच, आमच्याकडे थांबत जाईन आकांक्षा.”

आकांक्षा आतल्या खोलीतून आली. हातात अर्धवट सोललेलं संत्रं. ती सगळं ऐकत होती, तिच्या वयाची मुलं ऐकतातच.

“पप्पा, सकाळी पण काकूच सोडतीन का?”

“हो. मस्त गाडीतून.”

“आणि मम्मी?”

“मम्मी ड्युटीले जाईन ना बेटा.”

“अच्छा,” ती म्हणाली. चेहऱ्यावर काही तक्रार नव्हती. संत्र्याची एक फोड तोंडात टाकून तिने पुढचं विचारलं, “मग तिथंही रविवारी भेटू आपण, मम्मी?”

ट्यूशनची वेळ विचारावी तसं विचारलं. मग ती मनकर्णाबाईंकडे वळली, “आई, सोले खाऊ का?” आणि सुपातले मूठभर हिरवे दाणे घेऊन गेली. आजीला ती पहिल्यापासून आई म्हणायची. बोलायला शिकताना घरात सगळेच ज्यांना आई म्हणत होते त्यांना तीही म्हणू लागली, आणि कोणाला ते बदलायचं सुचलं नाही.

मनकर्णाबाईंनी सूप खाली ठेवलं.

“ललित, मघापासून तू एकच गोष्ट बोलून राह्यला. हिनं अकरा वर्षं अपडाऊन केलं.”

“मंग केलं ना, आई.”

“हिनं एकटीनं नाई केलं. ही बडनेऱ्याले गाडीत बसे, तवा पोरगी माह्या मांडीवर बसे. मी घरी होती म्हून हिचं अपडाऊन झालं.” त्यांचा आवाज चढला नव्हता. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग सांभाळलेला आवाज होता तो. तो चढवायची गरज पडत नसे. “माह्या नोकरीचे पाच वर्षं बाकी होते. हेडमास्तरीन झाली असती मी. राजीनामा देल्ला. कोनी मांगितला नोता, मीच देल्ला. काल त्या धर्मपालनं भाषनात मालगाडीचं बी नाव घेतलं.”

बुधाजींचा पेपर खाली आला. “मी त्याले सांगतो,” ते म्हणाले.

“तुमी काई सांगू नका. मले शाल नाई पाह्यजे.” त्या ललितकडे वळल्या. “मले येवढंच इचारायचं हाय. त्या चार बेडरूमच्या घरात मी कोनत्या खोलीत असन? मी तं इथं हावो. तुह्ये बाबा अन् मी इमानात बसनार नाई, हे ठरलं हाय. प्राजक्ता भली पोरगी असन. पन लेकरू चार दिवस ठेवाले भली अन् रोज ठेवाले भली, यात फरक राह्यते बाबू.”

आईने नोकरी सोडली हे ललितला माहीत होतं. पण हेडमास्तरीण होण्याचं त्याने आज पहिल्यांदा ऐकलं.

रश्मीनेही पहिल्यांदाच ऐकलं. तिने कणकेचे हात तसेच ठेवून सासूकडे पाहिलं. पांढरी वेणी, जाड भिंगांचा चष्मा, तुरीच्या शेंगांनी हिरवी झालेली बोटं. अकोल्याची नोकरी लागली तेव्हा याच बाईने तिला सांगितलं होतं, नोकरी सोडू नको, बाकी माझ्यावर सोड. आणि रश्मीने बाकी सगळं खरंच त्यांच्यावर सोडून दिलं होतं. कालची शाल कपाटात वरच्या कप्प्यात होती. ती कोणाची आहे, हे तिला आता नीट कळत होतं, आणि गंमत म्हणजे त्याने तिला लहान झाल्यासारखं वाटलं नाही. उलट ऊर भरून आला. अशा बाईच्या घरातून आपण निघतो आहोत.

“आई,” ती म्हणाली, “तिथं मले एकटीले जमीन का?”

“अतिदक्षता इभागात कोन सोबत राह्यते व तुह्या, रातच्याले?”

“कोनी नाही. पेशंट.”

“मंग?”

मोबाइल पुन्हा वाजला. कुलदीप. ललितने तो उचलला नाही. बायकोकडे पाहिलं, मग आईकडे, मग हसला. थोडं हरल्यासारखं, पण मनापासून. “दोघी मिळून बोलल्या तं माह्यी फिजिक्स चालत नाई,” तो म्हणाला.

रश्मीने हात धुतले, पदराला पुसले आणि ओट्यापासून पुढे येऊन खोलीच्या मधोमध उभी राहिली. आतल्या दारात आकांक्षाही येऊन उभी होती, तोंडात सोले.

“कुलदीपभाऊले फोन करून नाही म्हना, आन् आभार माना. सुट्टीत आमी येऊ म्हना त्याइच्याकडे,” ती म्हणाली. “आपन क्लेटनले राहू. दोन खोल्यांत. शाळेत सोडाले मी जाईन, आन् दुपारची ड्युटी नसन त्या दिवशी आनाले पन मीच जाईन. तुमी येईपर्यंत दुपारची-रातची ड्युटी नको म्हनून सांगीन मी तिथं. हे ठरलं.”