यंत्राच्या डोळ्यातलं कुंकू

गोल्फ मी आयुष्यात कधी खेळलो नाही, तरी गोल्फपायी माझी सांगलीची खुर्ची गेली. खेळात नुकसान करून घ्यायला निदान तो खेळ यावा लागतो असं म्हणतात. माझ्या बाबतीत ती अटसुद्धा आड आली नाही.

गोष्ट नव्वदच्या दशकातली, साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतली. आमच्या कारखान्यात पट्ट्यावरून जाणारे सुटे भाग मोजायला प्रकाशाचे डोळे बसवलेले होते. वस्तू समोरून गेली की डोळ्याला कळायचं आणि आकडा पुढे सरकायचा. त्या डोळ्यांची देखभाल माझ्याकडे होती. त्याच सुमारास मालकांना त्यांच्या पुण्याच्या व्याह्यांनी गोल्फची चटक लावली. मालकांनी कारखान्यामागच्या हिरवळीवर जाळी बांधून घेतली आणि रोज संध्याकाळी चेंडू मारायला सुरुवात केली. चेंडू सगळीकडे जायचा, फक्त जाळीत जायचा नाही.

आणि नेमका तेव्हाच सांगलीला आमचा नवा कारखाना उभा राहत होता. त्याचा प्रमुख साताऱ्यातूनच जाणार, हे ठरलेलं. माझी बायको सुनंदा सांगलीची. सासूबाई गेल्यापासून तिचे वडील तिथे एकटेच राहायचे. दम्याची उबळ आली की भिंत धरून बसायचे आणि खाणावळीचा डबा अर्धा परत पाठवायचे. लग्न झाल्यापासून सुनंदानं माझ्याकडे काही मागितलं असेल, तर ही एक बदली. पण माझे साडू विलासराव आमच्याच कारखान्यात विक्री विभागात होते. दोघी बहिणींना बाप एक आणि दोघींच्या नवऱ्यांना खुर्चीही एकच!

विलासरावांकडे जीभ होती, माझ्याकडे अक्कल होती. (असं मी तेव्हा समजत होतो.) मी मालकांना म्हटलं, "साहेब, काठी फिरवताना तुमचा स्विंग नेमका कुठे बिघडतो, हे सांगणारं यंत्र मी करून देतो." पट्ट्यावरच्या मोजणीतले भंगारात निघालेले डोळे मी एका लोखंडी चौकटीवर बसवले. काठीच्या टोकाला चकाकणारी पट्टी चिकटवली. काठी फिरली की प्रत्येक डोळा तिला पाहणार, संगणकाला कळवणार आणि पडद्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी काठीची वाट उमटणार. कमरेच्या पट्ट्यात पाऱ्याची एक कळ घातली, म्हणजे कंबर वळली की नाही तेही समजेल. एखाद्या डोळ्यानं पाहायचं चुकवलंच, तर संगणक आजूबाजूचे ठिपके छान गोलाईत जोडून घेई. त्या सोयीचा मला फार अभिमान होता.

श्रावणात पहिली चाचणी झाली. मालकांनी काठी फिरवली आणि पडद्यावर यवतेश्वरचा घाट उमटला. इतकी वळणं होती की एस. टी.च्या चालकानंही देवाचं नाव घेतलं असतं.

"हे काय?" मालक म्हणाले.

"तुमचा स्विंग, साहेब. मान आधीच वर येते. कंबर वळतच नाही."

मालकांनी काठी जाळीला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "यंत्रात दोष दिसतोय. दसऱ्याला व्याही येणार आहेत, त्यांच्यासमोर दाखवू. तोवर दुरुस्त करा. सांगलीचंही मी त्याच दिवशी जाहीर करणार आहे."

याहून स्पष्ट माणूस काय बोलणार? शेजारी उभ्या असलेल्या विलासरावांना ते तत्काळ समजलं. मी मात्र घरी आलो आणि आणखी डोळे बसवले. वळणं जास्त बारकाईनं दिसावीत म्हणून!

यंत्र आमच्या बाहेरच्या खोलीत मांडलेलं होतं. खंडेनवमी आली. माझी आई मेढ्याकडची. आमच्या घरात खंडेनवमीला विळी, कोयता, पाना-पकड, सुनंदाचं शिवणयंत्र, सगळ्यांची पूजा होते आणि त्या दिवशी कशालाही हात लावायचा नाही. आई ताम्हण घेऊन यंत्रापुढे उभी राहिली.

"ह्ये काय करतं रं?"

"बघतं. त्याला डोळे आहेत."

"मंग हत्यारच की. पूजा नगं व्हय?"

"कर," मी म्हटलं आणि आंघोळीला गेलो. ज्या माणसानं इतकी वर्षं कारखान्यातल्या एकाही डोळ्यावर धूळ बसू दिली नव्हती, तो माणूस 'कर' म्हणून आंघोळीला गेला.

दसऱ्याला सकाळी टेंपो दारात आला. मी घाईघाईनं झेंडूचा हार काढला, कळफलकातल्या अक्षता झटकल्या, संगणकावरचा गंधाचा ठिपका पुसला. चौकटीच्या माथ्यावर आईनं नवं खणाचं कापड छपरासारखं घातलं होतं, ते शकुन म्हणून तसंच राहू दिलं. निघताना सुनंदा म्हणाली, "अहो, साहेब म्हणतील त्याला हो म्हणा. आजच्या दिवस तरी." मी हो म्हटलं. दिवसभरात मी ज्याला हो म्हटलं, असं ते एकच.

हिरवळीवर खुर्च्या मांडल्या होत्या. व्याही होते, त्यांचे पुण्याचे मित्र होते, जिलेबीची परात होती आणि विलासराव पाण्याचे पेले फिरवत होते. मालकांनी कमरेला पट्टा बांधला, काठी उचलली आणि फिरवली. चेंडू नेहमीप्रमाणे कुंपणापलीकडच्या उसात गेला. पण चेंडूकडे बघतंय कोण? पडद्यावर एक रेघ उमटली होती. नितळ, गोलसर, एकही वाकण नसलेली रेघ. व्याही खुर्चीतून उठले. "अहो, हा तर नामांकित खेळाडूचा स्विंग झाला," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. मालकांचा चेहरा असा फुलला की मला वाटलं आता ते मला मिठी मारतात.

"सांगलीला मला असाच माणूस हवा होता," मालक माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "सांगितलं की करून दाखवणारा. तेव्हा आज दसऱ्याच्या मुहूर्तावर मी..."

"एक मिनिट, साहेब," मी म्हणालो.

हे शब्द माझे. कुणी माझ्या तोंडात घातले नव्हते. मला त्या रेघेत फक्त दोन टोकांचे ठिपके दिसत होते आणि मधला सगळा भाग संगणकानं आपल्या मनानं जोडला होता. मी चौकटीपाशी गेलो, खण बाजूला केला आणि पाहिलं. मधल्या प्रत्येक डोळ्यात तेलात कालवलेलं कुंकू भरलेलं होतं, वर एकेक अक्षत. टोकांच्या डोळ्यांपर्यंत कुंकू पुरलं नसावं.

विलासरावांनी मागून माझा सदरा ओढला. "प्रकाशराव, देवाचं कुंकू आहे. राहू द्या," ते कुजबुजले. ते माझे प्रतिस्पर्धी होते, तरी त्या क्षणी मला वाचवू पाहत होते. साडूचं नातं म्हणून असेल, किंवा एवढा मूर्खपणा त्यांना बघवला नसेल.

मी खिशातून स्पिरिटचा बोळा काढला. (तो माझ्या खिशात कायम असायचा. त्याचाही मला अभिमान होता.) एकेक डोळा लख्ख पुसला आणि पाहुण्यांकडे वळून म्हणालो, "मघाचं चुकीचं होतं. आंधळ्या डोळ्यांनी काढलेली रेघ होती ती. आता खरं दिसेल. साहेब, मारा."

मालकांना मारावंच लागलं. यवतेश्वरचा घाट उमटला. नवे डोळे बसवल्यामुळे आता त्यात मोऱ्या आणि संरक्षक कठडेही दिसत होते. मालकांनी दात आवळून पुन्हा मारलं. घाट आणखी अवघड झाला. तिसऱ्या वेळी चेंडू जाळीच्या खांबावर आपटला आणि उलटा येऊन जिलेबीच्या परातीत पडला. पाक व्याह्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडाला. आणि व्याही रुमालानं पाक पुसत असताना मी पडद्यावर बोट ठेवून समजावत होतो, "बघा, इथे मान वर आली, इथे कंबर अडकली. यंत्र अगदी बरोबर आहे."

तेव्हा विलासराव पुढे झाले. "साहेब, सणाच्या दिवशी पूजेचं कुंकू पुसलं. यंत्र बिघडणारच. आधीची रेघ खरी होती."

"मलाही तेच वाटत होतं," मालक म्हणाले.

आपट्याची पानं वाटली गेली, तेव्हा सांगलीचे प्रमुख म्हणून विलासराव माझ्यासमोर आले. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा," म्हणाले आणि मला खाली वाकून नमस्कार करावा लागला, कारण ते थोरले.

घरी मी सगळं सांगितलं. आई म्हणाली, "पर 'तू डोळ्यात लावलंसच का' आसं मला इच्यारू नगं. टिळा कपाळाला लावत्यात. त्याला कपाळच न्हाई, मंग कुठं लावू?" थोड्या वेळानं ती म्हणाली, "देवीनं दिलं हुतं रं. तूच पुसलंस." सुनंदानं ताट वाढलं, पाणी ठेवलं. मग म्हणाली, "ताई जाईल आता. बाबांना गरम भाकरी मिळेल. माझ्या हातची नसली म्हणून काय झालं." तिचं मला अजून लागतं ते एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं.

यंत्रही सांगलीला गेलं. मालक दर शनिवारी तिथे जातात, असं ताईंकडून कळलं. ते यायच्या आधी विलासराव यंत्राची साग्रसंगीत पूजा करतात, प्रत्येक डोळ्यात कुंकू भरतात आणि मगच बटण दाबतात. मालकांचा स्विंग आता निर्दोष आहे. चेंडू अजून सापडत नाहीत.

मी साताऱ्यातच राहिलो, डोळे पुसत. दर खंडेनवमीला आई माझ्या मोटरसायकलच्या आरशात कुंकवाचा भला मोठा टिळा लावते. तो मात्र मी वर्षभर पुसत नाही. मागून कोण आलं आणि आपल्याला ओलांडून कोण पुढे गेलं, ते दिसत नाही. माझा स्विंगही आता अगदी नितळ येत असेल.