साळलेलं शिंग

ते कापलेलं शिंग आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. महाराष्ट्र पोलिसांतून निवृत्त झालो आणि मुलाकडे दुबईला आलो. त्याच्या फ्लॅटमध्ये बसून कंटाळलो, तेव्हा शारजाच्या वाळवंटाकडच्या एका गुरांच्या फार्मवर सुरक्षा अधिकारी म्हणून लागलो. नावं कुणाचीच सांगत नाही.

मालकाला, म्हणजे अरबाबला, लांब शिंगांच्या अमेरिकी गुरांचं वेड. स्पॅनिश लोकांनी नेलेली गुरं तिथल्या माळरानावर रानटी झाली, काटक होती तीच जगली, हा इतिहास तो प्रत्येक पाहुण्याला ऐकवी. गुरं मांसाची, पण मान शिंगांना. प्रदर्शनात टोकापासून टोकापर्यंत टेप लावतात. पैदाशीचं काम चाचाकडे. चाचा रायगडचा, वडिलांचे शर्यतीचे बैल होते. कोणती गाय कोणत्या वळूला दाखवायची हे ठरवत, वासरं निवडत त्याने 'सरदार' नावाचा वळू घडवला होता. मग अरबाबने परदेशातून एक तयार वळू आणला. त्याची शिंगं सरदारपेक्षा वीतभर लांब.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी वॉचमनचा फोन आला. तो पेशावरचा.

"साहब, नये बैल का सींग कट गया! यल्ला, जल्दी आओ!"

पंचनाम्याची सवय जात नाही. गोठ्यात कुणालाही शिरू न देता आधी जागा पाहिली. रक्ताचा थेंब नव्हता. टोकाचा, रक्त नसलेला भरीव भागच तेवढा कापला होता. पहारा वॉचमनचा, म्हणून अरबाबने त्यालाच धरलं. "पुलिस को देगा," तो गरजला. वॉचमन रडायला लागला. त्याच्या पगारावर गावाकडचं सगळं घर चालत होतं.

मी एकेकाला बोलावून जबाब घेतले. कुणी काही पाहिलं नव्हतं. चाचा मात्र जरा जास्तच बोलत होता. "ड्युटी कुणाची होती ते बघा ना, साहेब." न विचारता दुसऱ्याकडे बोट दाखवणाऱ्यावर माझी नजर आधी जाते. पुन्हा गोठ्यात जाऊन कापल्या जागेवरून हात फिरवला. करवतीचा खरखरीतपणा कुठेच नाही. काचेने साळून गुळगुळीत केलेलं, आणि बोटांना खोबरेलाचा वास. आपल्याकडे शर्यतीच्या बैलांची शिंगं अशीच साळतात.

चाचाला तिथेच बोलावून घेतलं. "चाचा, कापलंत ते कापलंत. साळलंत कशाला?"

त्याने त्या शिंगावरून हात फिरवला. "तडकलं असतं, साहेब. जनावराचा काय गुन्हा?"

"आणि वॉचमनचा?"

"अरबाब त्या नव्याला आपल्या हाताने खजूर भरवतो. माझ्या सरदारला कधी एक दिला नाय. बघून बघून जळलो मी."

मग तो स्वतःच अरबाबकडे गेला आणि कबुली दिली. अरबाबने सगळं ऐकून घेतलं. "खलास," एवढंच म्हणाला. वॉचमन सुटला. चाचाला पोलिसांत दिलं नाही, पण परतीचं तिकीट हातात ठेवलं.

ही जळजळ मलाही ठाऊक आहे. माझ्या निरोपाच्या दिवशी ठाण्यातली पोरं माझ्याआधी नव्या साहेबांना सलाम ठोकत होती. मत्सराचे गुन्हे मी सर्व्हिसभर तपासले, पण जळणाऱ्याला नेमकं काय हवं असतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. चाचाला एक खजूर हवा होता.

तो निघाला त्या दिवशी अरबाब मूठभर खजूर घेऊन सरदारपाशी उभा राहिला. सरदारने त्याच्या हातातून शेवटचा खजूरही चाटूनपुसून खाल्ला. चाचा बॅग घेऊन कुंपणाशी थांबला होता.

"बघा साहेब," तो म्हणाला, "माझ्याकडे बघत पण नाय."