वस्तादांनी दूध सोडलं

"आता वय झालं तुमचं," असं वस्तादांना कुणी म्हटलं, की ते त्याचा हात पंजात घ्यायचे आणि तो कळवळेपर्यंत सोडायचे नाहीत. वर विचारायचे, "झालं का वय?" कुपवाडला कारखान्यांच्या मागे त्यांची तालीम होती. सगळे त्यांना वस्ताद म्हणत. मी सून, म्हणून मामा म्हणायची.

त्यांचा देव एकच, दूध. सकाळी तालमीतून आले की म्हशीचं तांब्याभर, संध्याकाळी बदाम घोटून घातलेलं. "दूध प्याला त्यो वाघ, च्या प्याला त्यो उंदीर," हे आल्यागेल्याला ऐकावं लागे, आणि पाहुणा बिचारा कप हळूच खाली ठेवी.

मग रक्तदाबानं त्यांच्या किडन्या खाल्ल्या. सांगलीला डायलिसिस सुरू झालं. तेही त्यांनी कुस्तीसारखं अंगावर घेतलं. पण डॉक्टरीणबाईंनी दूध, खवा, बदाम, शेंगदाणे, बाटलीतली काळी कोल्ड्रिंकं बंद करायला सांगितली आणि मामा बिथरले. पहिल्या दिवशी मी ताटाशी दूध ठेवलं नाही.

"म्हस मेली का?"

"नाही मामा."

"मग मी मेलो का?"

ताट तसंच टाकून ते शेजारी गेले आणि लोटाभर पिऊन आले. हे असंच चालू राहिलं. रक्तातला फॉस्फरस वाढत गेला आणि अंगाला अशी खाज सुटली, की एवढा मोठा माणूस दाराच्या चौकटीला पाठ घासत उभा राही. मला बघवत नसे.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाई त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. "वस्ताद, दुधात फॉस्फरस असतो, तो तुमची किडनी आता बाहेर टाकत नाही. तो साठला की हाडांतलं कॅल्शियम निघून जातं. हाडं ठिसूळ होतात."

मामांनी आपलं मनगट उलटसुलट करून पाहिलं. "म्हंजी आतनं पोकळ? माजी हाडं?"

घरी येईपर्यंत ते मनगट दाबून दाबून पाहत राहिले. उंबऱ्यात पाय ठेवला आणि गरजले, "पोरी, आजपास्नं दूध बंद! त्यो फॉस्फरस माज्या हाडांला हात घालतोय व्हय? बघतोच त्येला."

मग त्यांची हट्टी शिस्त सुरू झाली. अन्नातला फॉस्फरस पोटातच धरून ठेवणारी गोळी जेवतानाच घ्यायची असते. ती बंडीच्या खिशात असे. लग्नाच्या पंगतीतही ते सगळ्यांना थांबवत, "माजा जोडीदार येऊ द्या," म्हणत आणि गोळी घेऊनच पहिला घास उचलत. अंड्यातलं पांढरं ते खात, पिवळं तालमीतल्या पैलवानांना जाई. "एका पेढ्यानं काय हुतंय?" असं कुणी म्हटलं, तर पेढा त्याच्याच तोंडात कोंबत.

तासगावकडच्या एका जत्रेत त्यांच्या पठ्ठ्यानं शेवटची कुस्ती मारली. पंचांनी मानानं केशरी दुधाचा पेला मामांपुढे धरला. मामांनी हात जोडून तो पठ्ठ्याकडे वळवला. शेजारी बसलेला दुसऱ्या तालमीचा म्हातारा वस्ताद मोठ्यानं म्हणाला, "दुधाला भ्यालेला वस्ताद काय पैलवान घडवणार!"

मी मामांच्या मागेच बसले होते. मला तर तिथून पळून जावंसं वाटलं. मामांनी माईक हिसकावला.

"ह्यो पैलवान म्या घडवलाय, मी प्यालेल्या दुधानं न्हाई! त्यानं प्यावं, त्येचं वय हाय. माजी किडनी गेलीया, म्हणून म्या सोडलंय. मला अजून लय मैदानं बघायची हायती. भ्यालो म्हणणाऱ्यानं लंगोट लावून खाली यावं!"

म्हातारा पागोटं सारखं करत दुसरीकडे बघू लागला. तेवढ्यात हलगी कडाडली.

पुढे मामांनी खरंच पुष्कळ मैदानं पाहिली. गेले ते हृदय थांबून. त्या सकाळीही तालमीत जाऊन आले होते.

डॉक्टरीणबाई प्रत्येक नव्या पेशंटला मामांची गोष्ट सांगत; एकदा त्यांनी एकीला धीर द्यायला मला बोलावलं. नव्यानं डायलिसिस लागलेली एक बाई पदरात तोंड लपवून पडली होती. "खायाचंच न्हाई, तर जगायचं कशाला?" एवढंच म्हणे. मी समजुतीनं बोलायचं ठरवून गेले होते. तोंडातून भलतंच निघालं.

"आवं, रडताय काय अशा? उठा, बसा आधी. ह्येच्याशी लढायचं हाय!"

तिनं पदर बाजूला केला. "तुमी कोण वो?"

"वस्तादांची सून," मी म्हणाले.

ती उठून बसली.